गार चहा

म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता आणि गोतावळा बाहेर, त्याला न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरपुढे फोटो काढत होता. “यांना शेवटचं धडधाकट कुणी, कधी पाहिलं?” हेलिकॉप्टरमधून आलेल्या डॉक्टरबाईंनी मुलगा-सुनेला आत बोलावून विचारलं. “मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन उशिरा दिलं तर जिवावर बेततं.” मुलगा फुशारला, “बाबांना आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपतो! मघाशीच माझ्याशी गप्पा मारत चहा प्यायले.” सुनेनं कोरडे डोळे पुसले. डॉक्टरबाई मोठ्या रुग्णालयाला तसं कळवणार, तेवढ्यात नजर उशाशी गेली. स्टुलावर काठोकाठ भरलेले तीन कप होते. पहिल्यातली साय सुकून तडकलेली, म्हणजे तो कालचा. दरवेळी कुणीतरी आधीचा सरकवून नवा ठेवला होता. म्हाताऱ्याकडे मान वळवायचे कष्ट घेतले नव्हते. केस सारखे करत मुलगा म्हणाला, “सोबत मीच येतो.” “जागा एकच,” त्या म्हणाल्या, “हे कप येतील. या घरात खरं बोलणारे तेवढेच.”