सोयरीक

ज्या उदयसिंहनं क्रांतीवर बलात्कार केला, तोच आज मंगळवार पेठेतल्या तिच्या घरात कडक इस्त्रीच्या कपड्यांत पोहे खात बसला होता. केस कोर्टात उभी राहायच्या आत सुपारी फोडून मोकळं व्हायचं, असं दोन्हीकडच्या थोरांनी ठरवून टाकलं होतं.

“लाजू नका, घ्या की अजून,” म्हणत क्रांतीच्या आईनं त्याची बशी पुन्हा भरली.

“पोरगं लगीन कराय तयार हाय,” त्याचा मामा ढेकर देत म्हणाला. “पोरीची अब्रू झाकली जाईल. तक्रार तेवढी मागं घ्या.”

क्रांतीच्या बापानं मान डोलावली.

“वकीलबाईस्नी मी इचारलं,” क्रांती म्हणाली, “लगीन झाल्यावर ह्यानं पुन्हा तसंच केलं, तर? त्या म्हणाल्या, नवऱ्याला बलात्काराचं कलमच लागत न्हाय.”

उदयसिंहचा चमचा बशीतच थांबला.

“अगं, असं काय बोलतीस?” मामा गडबडला. “त्यो केलेलं पाप धुवाय आलाय.”

“न्हाय पावणं,” सुपारीचं ताट मामाकडं परत ढकलत ती म्हणाली, “त्यो परवाना काढाय आलाय.”