धुराचा घोट

घोट घशाखाली उतरला आणि सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जीभ पेटली, कान तापले. तिनं ग्लास टेबलावर आपटलाच.

"अहो वहिनी, सावकाश!" समोर बसलेल्या टेलरनं घाईनं पाण्याचा जग पुढे सरकवला. "सिंगल माल्ट व्हिस्की आहे, साठ टक्के अल्कोहोलची. वयानं कोवळी, त्यामुळे अंगात मस्ती फार. पाणी घाला थोडं."

टेलर म्हणजे तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. कपाट आवरताना ही अर्धी बाटली हाती लागली आणि सिस्टरनं टेलरला बोलावून घेतलं. 'घेऊन जा' म्हणणार होती. तो आल्यावर तोंडून भलतंच निघालं. "मला ओता जरा. हिच्यात असं काय होतं, बघू तरी एकदा."

नर्स म्हणून तिची सारी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. ती दुपारच्या पाळीला निघाली, की नवरा संध्याकाळी असलीच बाटली काढून बसायचा. ती घरी असली की बाटली कपाटात. आपण नसलो की ह्यांची खरी चैन, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं. भांडली नाही. बोलणं तेवढं कमी केलं. मग जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या, मग खोल्या. शेवटची काही वर्षं तर एका घरात दोन भाडेकरू राहावेत तशीच गेली. आता नळ टपकला तरी तिला कुणी बोलल्यासारखं वाटायचं.

पाणी घालून तिनं ग्लास पुन्हा उचलला आणि नाकाशीच थबकली. आधी धूर आला, ओली लाकडं विझवल्यावर येतो तसा.

"दलदलीतली माती वाळवून जाळतात," टेलर म्हणाला. "त्या धुरावर सातू सुकवतात."

पण तिचं लक्ष नव्हतं. धुराखालून दुसरंच काही वर येत होतं. आयोडीन. जंतुनाशक. नुकतं सोडलेलं बँडेज.

"अहो, हा तर आमच्या थिएटरचा वास! ह्यांना कसा चालायचा? लग्नानंतर मी पहिल्यांदा ड्यूटीवरून आले, तेव्हा ह्यांनी नाक मुरडलं होतं. तेव्हापासून घरात पाऊल टाकलं की मी आधी न्हाणीघरात. साबणानं अंग घासून काढल्याशिवाय कधी ह्यांच्या जवळ गेले नाही."

टेलरनं अर्धी बाटली उचलून उजेडाला धरली.

"त्याला दारू सोसायची नाही, वहिनी. एवढ्याशा पेगवर अख्खी संध्याकाळ काढायचा. प्यायचा कमी, हुंगायचाच जास्त."

"हुंगायचे? कशाला?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाला, 'ती घरात नसली, की तिचा वास तरी असू दे. जवळ येते तेव्हा तो धुऊन टाकूनच येते.'"