हायाशीबाईंची वीस मिनिटं

बाळांनो, समजा तुमच्या घरी एक पाहुणी येणार आहे. तिची भाषा घरात कुणालाच येत नाही, ती फक्त वीस मिनिटं थांबणार आहे, आणि तुमचे आजोबा आज जिवंत आहेत ते तिच्यामुळे. तिला काय द्याल तुम्ही?

वच्छलाबाईंनी करवती काठाची टसर साडी आणून ठेवली होती.

आता सदर भागातल्या त्यांच्या घराच्या दारात उभे राहा. डिसेंबरातली दुपार आहे. नागपुरात विधानसभेचं अधिवेशन चालू आहे. ते पाहायला जपानहून खासदार आले आहेत, आणि त्यांच्यातल्या हायाशीबाई दारात वाकून बूट काढताहेत. साठीच्या, बारक्या चणीच्या. त्यांच्या मागे दुभाषी मोनाली. वच्छलाबाईंचे पती, आमदार चंपतराव हात जोडून "या, या" म्हणताहेत आणि त्यांची आठ वर्षांची नात श्वेता दाराच्या पडद्याआडून पाहते आहे.

मागच्या साली चंपतराव असेच इतर आमदारांबरोबर जपानला गेले होते. तिथे छातीत कळ येऊन कोसळले. बाकीचे ठरल्याप्रमाणे पुढच्या शहरात गेले. यजमान म्हणून सोबत असलेल्या हायाशीबाईंनी मात्र त्यांना तातडीने इस्पितळात नेलं आणि त्या दोन दिवस त्यांच्या खाटेपाशी बसून राहिल्या. वच्छलाबाई तेव्हा इथे होत्या, फोनपाशी.

म्हणून आज त्यांनी पाहुणीला कुंकू लावलं आणि साडी तिच्या हातावर ठेवली. हायाशीबाईंनी काठावरून बोट फिरवलं, खाली वाकून नमस्कार केला आणि साडी परत वच्छलाबाईंच्या हातात दिली.

"काकू," मोनाली चाचरत म्हणाली, "या दौऱ्यात त्यांना कुणाकडूनच भेटवस्तू घेता येत नाही. नियम आहे तसा. कायदे करणाऱ्यांनी आज भेट घेतली, तर उद्या सभागृहात देणाऱ्याच्या बाजूने हात वर करावा लागेल, म्हणून."

"मी कुठं हात वर कराले सांगून राहिली त्यायले? माह्या कुंकवाची साडी आहे ते."

"अवं, नियम आहे तं आहे," चंपतराव म्हणाले. "तू गोळाभात वाढ. पोटात गेलेलं कोण तपासते?"

मोनालीने हे सांगितलं तेव्हा हायाशीबाई खळखळून हसल्या. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी साडीची घडी आत नेऊन ठेवली आणि सगळ्यांची ताटं मांडून डाळीचे गोळे घातलेला भात वाढला.

हायाशीबाईंनी एक घास घेतला आणि घड्याळ पाहिलं. दुसरा घेतला, पुन्हा पाहिलं. भातावर फोडणीचं तेल वाढता वाढता वच्छलाबाईंचा हात थांबला.

"पाहून राहिले न?" त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "पहिले साडी परत, अन् आता घड्याळ. काहून आल्या मंग? दौऱ्याच्या कागदावर आपलं नाव होतं म्हणून?"

"काय बोलून राहिली तू!"

"एक वरीस झालं. एक वरीस मी या दिवसाची वाट पाहून राहिली. यायचं ऋण डोक्यावर घेऊन मराचं नाही मले."

मोनालीच्या कानावर ते गेलं. ती पाहुणीकडे वळून काही बोलली. हायाशीबाईंनी चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ सांगत राहिल्या.

"काकू, त्यांना जायची घाई नाही," मोनाली म्हणाली. "त्यांची आई एक्क्याण्णव वर्षांची आहे. अंथरुणावरच असते. या कुठेही असल्या तरी रोज याच वेळेला तिला फोन करतात, आणि ती वाट पाहते. पण तुमच्या घरी जेवता जेवता फोन लावणं त्यांना बरं वाटत नाही. आणि इथून निघाल्या की रात्रीपर्यंत एकामागून एक कार्यक्रम आहेत. आज राहूनच जाईल, म्हणतात."

"घरी कोणी नाही?"

"सांभाळायला एक बाई येते, सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात कुणी नाही."

वच्छलाबाई पाटावर बसल्या. मोनालीकडे वळल्या.

"इचार त्यायले," त्या म्हणाल्या, "ह्या दोन दिवस आमच्या माणसापाशी बसल्या, तवा आईपाशी कोण होतं?"

मोनालीने विचारलं. हायाशीबाई नुसत्या हसल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते मराठीत सांगायची गरज पडली नाही.

"लावा म्हणा फोन," वच्छलाबाई म्हणाल्या. "आत्ता, इथंच. अन् ताटावरून उठू नका म्हणा, सावकाश जेवा. आईपाशी आपण बसतो."

"आपण?" चंपतराव म्हणाले. "आपल्याले काय बोलता येते त्यायच्याशी?"

"अन् तुमच्याशी ह्या कोणत्या भाषेत बोलल्या होत्या?"

चंपतराव उठले आणि त्यांनी स्वतःच पाण्याचा गडवा पुढे सरकवला. हायाशीबाईंनी फोन लावून त्याला टेकवून ठेवला.

फोनवर एक उशी दिसली, आणि उशीवर सुरकुतलेला, इवलासा चेहरा. हायाशीबाई त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि बाजूला झाल्या. म्हातारी गोंधळली. तिचे डोळे लेकीला शोधू लागले. वच्छलाबाईंनी हात जोडले. वर्षभर मनात साठवलेलं सगळं ओठांपर्यंत आलं, पण त्यातला एकही शब्द म्हातारीला कळणारा नव्हता.

तेवढ्यात श्वेता पडद्याआडून बाहेर आली. फोनपुढे मांडी घालून बसली आणि नाक काचेला लागेल इतकी जवळ वाकली.

"आजी," तिने विचारलं, "जेवली का वं?"

म्हातारीचे डोळे श्वेतावर थांबले. श्वेताने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने आपलं ताट फोनसमोर ओढलं आणि आजीला दिसेल असा पहिला घास उचलला.