शनिवारचा टू बाय थ्री

हॉटेलातल्या यल्लाप्पानं दोन भरलेले कप टेबलावर ठेवले आणि शेजारी तिसरा, रिकामा. विनोदिनीबाई त्या रिकाम्या कपाकडं बघत राहिल्या. यल्लाप्पाच्याही लक्षात आलं. त्यानं जीभ चावली.

"हात सवयीनं गेला बघा, बाई. नेतो माघारी."

"राहू दे रं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस राहू दे."

समोर प्रशिक बसला होता, उपासनाचा मुलगा. आईला जाऊन महिना होत आला, तरी विनोदिनीमावशी घराबाहेर पाऊल टाकत नाही म्हटल्यावर त्यानंच त्यांना स्कूटरवर घालून इथं आणलं होतं. मधुवंती तर गेल्या दिवाळीतच गेली होती, तरी तिचा कप उपासनानं चालूच ठेवला होता. उपासना, मधुवंती आणि विनोदिनी, तिघी बेळगावच्या एकाच शाळेत बाई. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरांच्या आधी ह्या तिघीच फाटकाबाहेर, आणि थेट भाजी मार्केटामागच्या ह्या हॉटेलात. चहा ठरलेला, टू बाय थ्री. दोन चहा आणि एक रिकामा कप, तिघींत वाटून. रिटायर झाल्या, गुडघे गेले, मोतीबिंदू झाले, पण शनिवार काही चुकला नाही.

वाटणीचं काम उपासनाकडं. दोन्ही कपांतला थोडा थोडा तिसऱ्यात ओतायची, आणि ज्यात सगळ्यात कमी असेल तो कप पटकन आपल्याकडं ओढायची. कितीदा रागावलं तरी ऐकायची नाही. मधुवंतीची त्याच्यावर कडी. शेवटचा घोट ती कधी प्यायचीच नाही. "घे गं विनू, तुझा जीव आहे ह्यावर," म्हणत सरळ विनोदिनीबाईंच्या बशीत ओतून मोकळी. आपल्या तोंडचं काढून देणाऱ्या अशा मैत्रिणी मिळायला नशीब लागतं. आता दोघीही नाहीत, आणि शनिवार मात्र दर आठवड्याला तोंड वर करून येतोय.

विनोदिनीबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. आज शेवटचं. पोराचं मन मोडायला नको म्हणून यायचं, दोघींच्या नावानं एकदा चहा प्यायचा, आणि शनिवार बंद. पुन्हा ह्या पायऱ्या चढायच्या नाहीत. सोसत नाही.

त्यांनी चहा वाटायला घेतला. हे काम त्यांनी आजवर कधी केलंच नव्हतं. थोडा टेबलावर सांडला. एक कप प्रशिककडं सरकवला, एक आपल्यापुढं घेतला आणि तिसरा मधोमध ठेवला. मग पदरानं डोळे टिपले.

प्रशिकनं एक घोट घेतला. एरंडेल पाजल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"मावशी, रागावू नका, पण हा चहा तुम्हाला खरंच आवडतोय?"

"मला?"

"आई म्हणायची की. दर शनिवारी निघताना कुरकुर चाललेली असायची तिची. काढा परवडला, पण त्या विनूचा जीव आहे त्या चहावर, तिच्यासाठी दोन घोट ढकलायचे झालं, म्हणायची."

विनोदिनीबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

जीव? ह्या चहावर? अहो, उकळून उकळून काळा पडलेला, वर काकवीसारखा गोड. पहिल्या दिवसापासून तो त्यांच्या घशाखाली नीट उतरला नव्हता. उपासनाला आवडतो, मधुवंतीला आवडतो, म्हणून बिचाऱ्या इतकी वर्षं नाक दाबून पीत आल्या होत्या. तोंडाची चव जावी म्हणून वर मिरचीभजी मागवायच्या.

म्हणजे उपासनाचा तो कमी भरलेला कप? आणि मधुवंतीचा तो शेवटचा घोट?

"अगं बाई!" विनोदिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, लबाड गं दोघीही! मी समजत होते माया, आणि ह्या आपली सुटका करून घेत होत्या!"

त्या हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग टेबल धरून. शेजारची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटत होतं. दोघी जणू शेजारी बसून, चोरी पकडली गेली म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

यल्लाप्पा घाबरून धावत आला. "काय झालं, बाई?"

"खरं सांग, यल्लाप्पा. तू पितोस का रं इथला चहा?"

यल्लाप्पानं गल्ल्याकडं एकवार बघितलं आणि आवाज खाली आणला. "न्हाय, बाई. मी घरनं पिऊन येतोय."

आता प्रशिकलाही हसू आवरेना. विनोदिनीबाईंनी मधला तिसरा कप उचलला आणि दोघांत वाटला. वाटताना स्वतःकडं कमी ओतला. कसं करायचं ते आता कळलं होतं. मग नाक न दाबता सगळा चहा प्यायल्या. चहा होता तितकाच वाईट होता.

"पुढच्या शनिवारी वेळेवर ये रं," पायरी उतरताना त्या प्रशिकला म्हणाल्या.

"येतो की. पण मावशी, दुसऱ्या हॉटेलात जाऊया. इथला तुम्हाला आवडत न्हाय नव्हं?"

"अजिबात न्हाय," विनोदिनीबाई म्हणाल्या. "म्हणून तर इथंच यायचं. एकच चहा, बाय टू."