मुरलेलं खत

पडेगावच्या काकासाहेबांचे गडी बागेतले वाफे निंदायचे आणि उपटलेलं कुरडूचं तण तुऱ्या-बियांसकट बांधावरून भागूबाईच्या मिरच्यांत फेकायचे. ती सांगायला गेली, तर काकासाहेब चारचौघांत हसले. "रांडमुंडीच्या वावरात दुसरं काय उगवणार?"

भागूबाई खाली मान घालून परत आली. त्या दिवसापासून ती ते कुरडू वेचायची आणि म्हशीपुढं टाकायची.

दोन वर्षांनी वर्दी आली, की निजामाचे सुभेदार बाग बघायला येणार. काकासाहेबांनी गुलाबाचे नवे वाफे खणले, माती चाळून घेतली, हराळीची एक मुळी ठेवली नाही. खत तेवढं कमी पडलं, म्हणून ते भागूबाईच्या दारात आले.

"चांगलं मुरलंय ना गं? कच्च्या शेणातून लई तण येतं."

"दोन वर्सं मुरलंय, काकासाहेब." टोपल्यासुद्धा तिनंच भरून दिल्या.

पाणी पडलं आणि वाफे हिरवेगार झाले. गडी निंदून दमले, तरी आठवड्यात पुन्हा तेच कुरडू. सुभेदारांनी कुरडूच्या तुऱ्याला हात लावून विचारलं, "हा कुठल्या जातीचा गुलाब?" सगळा लवाजमा हसला.

संध्याकाळी काकासाहेब बांधावर येऊन गरजले, "दोन वर्षं मुरलंय म्हणाली होतीस ना?"

भागूबाई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "शेण गेल्याच महिन्याचं व्हतं, नुसतं वाळवून कुटलेलं.

दोन वर्सं मुरला, त्यो तुमचा शब्द."