पिवळ्या केबलचं टोक

दवाखान्याच्या सर्व्हरला दोन केबली होत्या. निळी चालू नेटवर्कची, आणि पिवळी भिंतीतून मागच्या जुन्या इमारतीत गेलेली. ती इमारत केव्हाच रिकामी झाली होती.

सकाळपासून लॅबचे रिपोर्ट उघडेनात. वर ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई रक्तगटासाठी खोळंबलेली. लॅबमधल्या वहिनींनी शेवटी आपल्या दिरालाच बोलावलं. नेटवर्कची दुरुस्ती हेच त्याचं काम.

दुखणं त्याला लगेच सापडलं. विचारणा निळीने येत होती आणि उत्तर पिवळीने निघून जात होतं. सर्व्हरच्या उत्तरांचा बाहेरचा रस्ता कुणीतरी पिवळीवरच बांधून ठेवला होता.

"म्हणजे भावजी, आमचे रिपोर्ट जातात तरी कुठे?" शेजारच्या लॅबमधून, मधल्या उघड्या खिडकीपलीकडून वहिनींनी विचारलं.

"कुठेच नाही. तिकडे घ्यायला कोण बसलंय?"

त्याने रस्ता निळीवर वळवला. उत्तरं तरीही पिवळीनेच जात राहिली. वैतागून त्याने पिवळी उपटली. टोक त्याच्या हातात होतं, आणि ती जिथे लावलेली होती तिथला दिवा तसाच लुकलुकत होता.

"वहिनी, दिसला का रक्तगट?"

वहिनींनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"काय म्हणालात?"

त्या पुन्हा बोलल्या, गळ्याच्या शिरा ताणून. खोलीत चिडीचूप.

मग मागच्या भिंतीतून, पिवळी केबल जिथे आत शिरत होती तिथून, कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "रक्तगट इकडे मिळाला. आता टेबलावरच्या बाईचं नाव विचार."