लाईनीवरचं घर

लाईनीच्या मधोमध घर होतं. वरदने करकचून ब्रेक दाबले, सायकल खडीवर घसरली आणि अंगणात बांधलेली शेळी दचकून उठली.

दुधना नदीच्या काठची ही रेल्वेची जुनी छोटी लाईन. रूळ कधीच उचलून नेले, उरला तो खडी-मुरमाचा उंच भराव. त्यावर ना ट्रक, ना मोटारसायकल, ना हॉर्न; जालन्याच्या सायकलवाल्यांना आणखी काय हवं? त्यांच्या ग्रुपने इथे सायकल ट्रॅक मागायचं मनावर घेतलं होतं, आणि लाईन शेवटपर्यंत मोकळी आहे का ते बघून यायचं काम वरदकडे आलं होतं. आठवडाभर बँकेत खुर्ची उबवणाऱ्या माणसाला रविवारचं तेवढंच पुण्य. त्याने फोन काढला, त्या पत्र्याच्या घराचा फोटो घेतला, खाली ‘इथे अडथळा’ एवढंच लिहिलं आणि ग्रुपवर टाकून दिला.

तेवढ्यात सदऱ्याची बटणं लावत एक म्हातारा घाईघाईने बाहेर आला. जय भीम घातला. आपलं नाव शिवाजी, आणि दारात उभी ती आपली मंडळी पुष्पाबाई, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. वरदचं हेल्मेट, चमकणारं हिरवट जाकीट आणि हँडलवरचं छोटं यंत्र त्याने नीट निरखलं. मग दंडाला धरूनच त्याला घरामागे नेलं.

“हा शेवगा बघा, साहेब. बराबर बघा.”

वरदने बघितला. शेवगा शेवग्यासारखाच होता. मग सीताफळ दाखवून झालं, कढीपत्ता झाला, शेळीचं छप्पर झालं, सिमेंटचा हौददेखील झाला. प्रत्येक ठिकाणी शिवाजी थांबे आणि काहीतरी अपेक्षेने त्याच्या तोंडाकडे बघे. वरद “वा, छान” म्हणत राहिला. माणूस एवढ्या हौसेने दाखवतोय तर बरं दिसावं म्हणून त्याने शेवग्याचा एक फोटोही काढला. शिवाजीचा चेहरा एकदम निवळला.

अंगणात बाज टाकून झाली होती. त्यावर धुवट चादर, आणि कपबशीतून चहा. आपण पाहुणे आहोत, गिऱ्हाईक आहोत की मुलगी बघायला आलेलं स्थळ, हेच वरदला कळेना. शेवटी पुष्पाबाईनेच तोंड उघडलं.

“मागं तो मोठा रस्ता आल्ता तवा मोजणीवाल्यांनी आमची झाडं कागदावर धरलीच न्हाईत, साहेब. रान गेलं. म्हणून हितं येऊन राह्यलो. आता हितूनबी उठवून राह्यले का?”

आत्ता कुठे उजेड पडला. वरदला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. त्याने समजावून सांगितलं की तो मोजणीवाला नाही, कुठला साहेब नाही, साधा बँकेतला माणूस आहे आणि असंच सायकल फिरवायला आला आहे. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्या मोठ्या रस्त्याच्या आधी जो पहिला माणूस आला होता, तोही असंच फिरायला आलो म्हणाला होता, असं शिवाजीने अगदी आदबीने सांगितलं.

वरदने पुन्हा नाही म्हटलं. जितकं नाही म्हणावं तितका त्यांचा विश्वास पक्का होत चालला. गप्प बसावं तर तोही होकारच.

खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिलं. त्याच्या फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली होती, आणि कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे आधी हटवून घ्यावं लागेल.’ त्याने फोन परत खिशात कोंबला. आपण खोटं काय बोललो, हे त्याला शोधून सापडत नव्हतं. तो साहेब नव्हताच. मोजायलाही आला नव्हता. मग या बाईच्या नजरेला नजर का देता येऊ नये?

“एकच सांगा,” पुष्पाबाई म्हणाली. “घर तुमच्या रस्त्यात येतंय का?”

वरदने मान वळवली. लाईन नाकासमोर सरळ येऊन त्या उंबऱ्याशी थांबत होती आणि मागच्या भिंतीखालून निघून पुन्हा सरळ नदीकडे जात होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

“येतंय, मावशी.”

शिवाजीने विचारलं, गाडी परत सुरू होणार आहे का. गाडी येणार असली तर बोलणंच खुंटलं. लोकांना दवाखान्याला जायचं असतं, कोर्टाला जायचं असतं, लेकीबाळींना माहेरी यायचं असतं.

वरदने मान हलवली. गाडी नाही. मोटारीचा रस्ताही नाही. फक्त सायकली.

“सायकलीवर कुठं जाणार?” पुष्पाबाईने विचारलं.

“कुठं नाही.” आपलंच बोलणं त्याला विचित्र वाटलं. “म्हणजे... नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं.”

ती त्या जाड टायरांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. काही केल्या हिशेब लागत नाही असं मात्र दिसत होतं.

“म्हंजे आमी हितून जायचं,” ती सावकाश म्हणाली, “आन् तुमाला तर कुठं जायचंबी न्हाई.”